आप्पासाहेबांचा पांढरा तंबू

आप्पासाहेबांनी तंबू पसंत केला आणि द्वारकाबाई पिशवी भरून दौलताबादला बहिणीकडे निघून गेल्या, या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे एवढं आप्पासाहेबांना कळलं. काय संबंध आहे, ते मात्र कळलं नाही. बहुतेक नवऱ्यांना एवढंच कळतं, तेव्हा एकट्या आप्पासाहेबांना बोल लावण्यात अर्थ नाही.

तंबू म्हणजे साधा, खुंट्या ठोकून उभा करायचा तंबू नव्हे हं. गाडीच्या मागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. झाकण उघडलं की आतून पलंग निघतो, पलंगावर कापड उभं राहतं आणि चार माणसांची झोपायची सोय होते. आप्पासाहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मध्यवर्ती बसस्थानकावर बसून त्यांनी उभ्या महाराष्ट्राला गावोगावी पाठवलं, आणि स्वतः कुठे गेले असतील तर लग्नाला, नाहीतर मातीला. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर त्यांना एक परदेशी जोडपं दिसलं. तळ्याकाठी असाच तंबू, पुढ्यात दोन खुर्च्या, दोघांच्या हातात कप, आणि कुणी कुणावर ओरडत नाही! बस्स. गुडघे चालतायत तोवर द्वारकाबाईंना घेऊन एकदा तरी असं बसायचं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

मुलगा सार्थक बिडकीनजवळच्या एका कंपनीत होता. त्याच्या ओळखीच्या मोईनचं बिडकीनमध्ये वेल्डिंगचं दुकान होतं आणि मोईनच्या वडिलांचा, हैदरभाईंचा, मंडपाचा धंदा. लोखंड मुलाचं, कापड बापाचं, असे ट्रेलर-तंबू मोईन हल्ली बनवायला लागला होता. त्याच्याकडे दोन तयार होते. एकात नुसते पलंग. दुसऱ्यात पलंग होतेच, शिवाय मागचा कप्पा ओढला की अख्खं किचन बाहेर यायचं. दोन शेगड्या, इवलंसं बेसिन, डब्यांना फळी आणि तवा अडकवायला हूक. तो हूक बघून आप्पासाहेब विरघळलेच.

"ह्योच घ्यायचा!" त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. "अगं, खास तुझ्यासाठी किचन हाय त्यात. वाटंल तिथं गाडी थांबवायची, कप्पा ओढायचा, की गरमागरम भाकरी!"

द्वारकाबाई तेव्हा भाकरीच थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, गॅस बंद केला आणि हात धुतले.

"आपण काय ऊसतोडीला चाललो का?" त्या म्हणाल्या.

"अगं, पण तू बघ तरी एकदा..."

"तुम्ही जा. लेकाला न्या, सुनेला न्या. मी न्हाई येत."

आणि थोड्या वेळाने मागच्या गल्लीतून जाऊन त्या दौलताबादच्या रिक्षात बसल्याही.

मोईन रविवारी सकाळी तंबू आणून घरासमोर उभा करून देणार होता. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर संध्याकाळी परत, कारण नाशिकचं एक गिऱ्हाईक त्याच्या मागे लागलं होतं. आता पसंतीचं सगळं घोडं द्वारकाबाईंपाशी अडलं. सून सोनिया तोंडावर बोलणारी होती. ती म्हणाली, "आप्पा, आई नसतील तर तळ्याकाठी तुम्ही दुसऱ्या खुर्चीत कुणाला बसवणार?" आप्पासाहेबांनी रात्रीचं जेवण अर्धंच सोडलं. ते बघून सार्थक आणि सोनिया रविवारी उजाडताच गाडी काढून आईंची समजूत घालायला दौलताबादला निघाले.

सोनियाला सडकून सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून, लाल डोळ्यांनी ती घाईघाईने गाडीत बसली. समोरच्या घरातल्या मंजुषाताई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. मंजुषाताईंच्या नजरेतून सुटलेली गोष्ट कॉलनीत अजून घडायची आहे.

पाठोपाठ मोईन आला. फाटक अरुंद म्हणून ट्रेलर रस्त्यावर, बरोबर घरापुढे लावावा लागला. झाकण उघडलं, नळ्या उभ्या राहिल्या आणि कापड ताणलं गेलं. पांढरंशुभ्र.

"पांढरा कशाला रे, मोईन?"

"उन्हात थंडा राहतो, काका. अन् अब्बाच्या गोडाऊनमध्ये हाच माल होता. पसंद पडला तर रंग बदलून देतो. तुम्ही टेन्शन नक्को घेऊ," मोईन म्हणाला आणि संध्याकाळी येतो सांगून दुसऱ्या कामाला निघून गेला.

लोक तंबू बघायला येणार, त्यांना बसायला हवं, म्हणून आप्पासाहेबांनी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर मांडल्या आणि त्यातल्या एका खुर्चीत खाली मान घालून बसले. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल, आणि बायको रुसून गेलेली. चेहरा कसा असणार?

आता आपल्याकडे घरापुढे मांडव पडतो तो दोनच कारणांनी. रंगीत असला तर लग्न. पांढरा असला तर विचारायचं नसतं. सगळ्या गोंधळाचं मूळ हेच, की विचारायचं नसतं! दुःखाच्या दारात जाऊन 'काय झालं हो?' असं विचारणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचाय. जायचं, मान खाली घालून बसायचं, एक मोठा उसासा सोडायचा. बाकीचं आपोआप कळतं अशी आपली समजूत आहे.

मंजुषाताईंनी पांढरा मांडव पाहिला. खुर्च्या पाहिल्या. आप्पासाहेब धडधाकट समोर बसलेले, सार्थक-सोनिया मघाशी डोळे पुसत गाडीतून गेलेले. राहिल्या कोण? द्वारकाबाई! त्या कालपासून दिसल्या नव्हत्या. मंजुषाताईंच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अगं बाई! द्वारकामावशी!"

त्यांनी लगेच सोमनाथरावांना फोन लावला. सोमनाथराव कॉलनीचे सचिव. कॉलनीच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक आणि श्रद्धांजलीची फुलं टाकणं हे त्यांचं कामच होतं. त्यांनी खिडकीतून एक नजर टाकली, मांडव पाहिला आणि फोटो शोधायला घेतला.

पंधरा-वीस माणसं बघता बघता जमली. आप्पासाहेबांना भरून आलं. तंबू बघायला एवढी गर्दी होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"या, या. बरं झालं आलात," ते म्हणाले. "बसा."

मंडळी बसली. उसासे सुटले. शेवटी सोमनाथरावांनी आप्पासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धरा, आप्पासाहेब."

"धरतोय की," आप्पासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, बायको रुसून गेल्याची बातमी कॉलनीत फुटली. मंजुषाताई समोर राहतात म्हटल्यावर ती फुटणारच. "पण वाईट वाटतं हो. मी सगळं तिच्यासाठीच केलं."

"केलंतच. आम्ही बघितलंय."

"आत वाकून बघा ना. बघितल्याबिगर कळायचं न्हाई."

सोमनाथराव चपला काढून तंबूत वाकले. पलंगावर मोईनने गादी गुंडाळून ठेवली होती आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर पांढरी चादर पांघरली होती. सोमनाथरावांनी हात जोडले. त्यांच्या मागून मंजुषाताई वाकल्या, गुंडाळी पाहिली आणि तोंडाला पदर लावून जे रडू फुटलं, ते थांबेचना.

आप्पासाहेबांना त्यांचं मन फार हळवं वाटलं. "अहो, रडताय काय? किती आरामशीर हाय ते बघा. दोन माणसं सहज मावतात. माझी तर लई इच्छा होती, की मी बी तिच्या शेजारी..."

"असं अभद्र बोलू नका!" सोमनाथराव ओरडले. "पोरांकडं बघा जरा!"

आप्पासाहेब चपापले. बायकोशेजारी झोपण्यात अभद्र काय, ते त्यांना उमगेना. पण चारचौघांत बोलायला नको होतं असं वाटून ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याने उरलासुरला संशयही फिटला.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजाऱ्यांनी भाकरी आणून घालायची, ही रीत. कॉलनी शहरातली असली तरी माणसं गंगापूर, पैठण, वैजापूरकडचीच. अर्ध्या तासात घराघरांतून भाकऱ्यांचा थापथाप आवाज यायला लागला. पिठल्याची पातेली आली, भाकऱ्यांच्या चवडी आल्या, कुणी ठेचा आणला. ठेवायला जागा कुठे? मंजुषाताईंनी ट्रेलरचा मागचा कप्पा ओढला आणि सगळं त्या किचनवर नीट मांडून ठेवलं.

'बायको घरात नाही म्हणून केवढी काळजी!' आप्पासाहेबांचे डोळे पाणावले. लोकांनी ते पाणीही पाहिलं.

इकडे सोमनाथरावांचा संदेश निघाला होता. तो ग्रुपवरून ग्रुपवर उड्या मारत लासूर स्टेशनला पोचला. तिथे आप्पासाहेबांचा चुलतभाऊ कडुबा राहायचा. त्याने भावकी गोळा केली, जीप काढली आणि घरी फोन करून विचारण्याच्या भानगडीत न पडता सगळे निघाले. विचारायचं नसतं ना!

दौलताबादला त्याच वेळी समजूत घालणं जोरात चाललं होतं. सार्थक थकला होता. सोनिया शिंकत शिंकत म्हणत होती, "आई, एकदा बघून तर घ्या. आप्पा काल नीट जेवलेसुद्धा नाहीत."

"न जेवू देत. मी न्हाई येत म्हणजे न्हाई येत," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांची बहीण मध्ये मध्ये "बरोबर आहे तिचं," असं म्हणत पेरू कापत होती.

तेवढ्यात सार्थकचा फोन वाजला. त्याने पडदा पाहिला, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा पडदा पाहिला.

"काय रे? दाव इकडं," द्वारकाबाईंनी फोन हिसकावला. पडद्यावर त्यांचाच फोटो होता. भोवती झेंडूचा हार, वर दोन समया, खाली 'आमच्या सर्वांच्या लाडक्या'. फोटो एका लग्नातला होता. पंगतीत जागा मिळाली नव्हती तेव्हाचा, कपाळावर आठ्यांसकट.

द्वारकाबाईंनी दोन बोटांनी ताणून फोटो मोठा केला.

"ह्यांनी केलं हे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी येत न्हाई म्हणल्यावर माणसानं डायरेक्ट हारच घातला! चला. गाडी काढ."

सकाळपासून जे दोघांना जमलं नव्हतं, ते सोमनाथरावांनी घरबसल्या करून दाखवलं.

गाडी कॉलनीत वळली तेव्हा कडुबाची जीप नुकतीच पोचली होती. भावकीतल्या बायका "अगं माझे द्वारके!" करत तंबूकडे धावल्या होत्या. द्वारकाबाई गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढायला लागल्या.

"सरका. सरका जरा. मला बी बघू द्या."

मंजुषाताईंनी मागे वळून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की दोन गल्ल्या पलीकडची कुत्री भुंकायला लागली. एक मावशी तिथेच मटकन बसल्या. सोमनाथराव तंबूत डोकावून त्या पांढऱ्या गुंडाळीची खात्री करून आले.

"ही हाय," सोमनाथराव म्हणाले, "मग ती कोण?"

"ती गादी हाय!" आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांना एकदम सगळा उलगडा झाला. उसासे, रडणं, 'धीर धरा', सगळं. ते खुर्चीतून ताडकन उठले. "अगं, आईशप्पथ सांगतो, मी काय बी केलं न्हाई! मी तर तंबू दाखवत होतो."

द्वारकाबाईंनी तंबूकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, पांढऱ्या कापडाकडे पाहिलं. बाई हुशार होत्या. त्यांना सगळं समजायला एक क्षण पुरला. त्या काहीतरी खरमरीत बोलणार, एवढ्यात कडुबा पुढे आला. त्याचा चेहरा अवघडलेला होता.

"वहिनी, तुम्ही हायेत हे लई चांगलं झालं. पण आम्ही जीप करून आलो ना. आता कसं करावं?"

"जेवून जावा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी वर जाऊन आलेली न्हाई, पण तुम्ही लांबून आलाय."

मग भाकऱ्यांचा प्रश्न निघाला. दुखवट्याची भाकरी परत घरी न्यायची नसते. मंजुषाताई पातेल्यांपाशी उभ्या राहून हात चोळत होत्या. "मावशी, आता ह्याचं काय करू हो?"

द्वारकाबाई सकाळपासून उपाशीच होत्या. त्या तंबूत शिरल्या, गादी सोडून पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. "आण इकडं," त्या म्हणाल्या.

मंजुषाताईंनी ताट वाढलं. दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा, वर कांदा फोडून. द्वारकाबाईंनी पहिला घास घेतला. रस्त्यावरची सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. आपल्याच दुखवट्याचं जेवण जेवणारं माणूस त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

"पिठल्यात मीठ कमी हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

मंजुषाताई मीठ आणायला पळाल्या. द्वारकाबाईंनी दोन्ही भाकऱ्या सावकाश संपवल्या, तिसरी मागितली, तीही संपवली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ठेच्याचं असेल असं आधी सगळ्यांना वाटलं.

आप्पासाहेब घाबरून आत वाकले. "काय झालं गं? चुकलं माझं. परत देतो हा तंबू. मोईनला आत्ता फोन लावतो."

"तंबूला मी कधी ना म्हणलं?"

"म्हणजे?"

"लग्न होऊन आले तवापासनं," द्वारकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी बसले अन् वाढलेलं ताट माझ्यापुढं आलं, असं आज पहिल्यांदा झालं. त्यासाठी मला मरावं लागलं."

जमलेल्या बायकांनी माना खाली घातल्या, पण या वेळी दुखवट्यासाठी नव्हे.

"तळ्याकाठी बसायला मला काय आवडणार न्हाई व्हय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही आलात ते किचनची खुशी घेऊन. म्हणलं, इथल्या तव्यापुढनं उठायचं अन् तिथल्या तव्यापुढं उभं राहायचं. मग माझी घरची शेगडी काय वाईट हाय?"

आप्पासाहेबांना जे कळायला हवं होतं, ते असं सगळ्या कॉलनीसमोर कळलं. त्यांना फार लाज वाटली आणि बायकोबद्दल फार माया वाटली. ते तंबूच्या दारात, तिच्यापाशी खाली बसले.

"तू बोलली का न्हाईस मग?"

"बोलायला लागतं व्हय?"

आप्पासाहेब लगेच उठले आणि त्यांनी मोईनला बोलावून घेतलं. मोईन आला, गर्दी बघून हरखला. त्याला वाटलं, सगळे गिऱ्हाईकच.

"मोईन, आम्हाला तो दुसरा दे. बिनकिचनचा."

"वो तो गया, काका! दुपारीच नाशिकवाल्यानं नेला."

"मग ह्याचं किचन कापून काढ."

"नक्को, काका. मागचं वजन गेलं की तोल बिघडतो. मग वळणावर डुलतो. फॅमिली घेऊन जायचं ना?"

सार्थकने आईकडे पाहिलं, सोनियाने आप्पांकडे पाहिलं. द्वारकाबाई पलंगावर आडव्या झाल्या होत्या. गादी खरंच आरामशीर होती.

"राहू द्या किचन," त्या छताच्या कापडाकडे बघत म्हणाल्या. "त्याच्यापुढं मी उभी राहायची न्हाई, एवढंच."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "मी राहीन."

"तुम्ही?" कडुबा म्हणाला. "दादा, तुम्हाला चहाची पत्ती कुठल्या डब्यात असती ते तरी ठावं हाय का?"

"शोधीन. लोणारची गाडी कुठल्या फलाटाला लागती ते बी मला कुणी शिकवलं नव्हतं."

द्वारकाबाई उठून बसल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, चेष्टा तर नाही ना याची खात्री करून घेतली. "पहिलं कुठं न्यायचं ठरवलंय?" त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांचा चेहरा फुलला. "भंडारदरा! तिथं आपलं कुणी पाव्हणंसुद्धा न्हाई. कुणाच्या घरी जायला नको, काय नको. नुसतं तळ्याकाठी बसायचं."

"मग घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

सोनियाने टाळी वाजवली आणि जोरात शिंकली. मोईनने लगेच कापडाचा रंग विचारला. सोमनाथरावांनी ग्रुपवर दुरुस्ती टाकायला फोन काढला, पण कोणती फुलं टाकावीत ते त्यांना सुचेना.

"अगं बाई, भंडारदरा का?" मंजुषाताई एकदम पुढे झाल्या. "माझी नणंद तिथंच शेंडी गावात दिलीय की! मी आत्ता फोन करते. ती तुम्हाला तंबूत राहू द्यायची न्हाई बघा. पाची पक्वान्नं करून घालंल."

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. द्वारकाबाईंनी मात्र थोडा विचार केला.

"कर फोन," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, तू काय बी करू नको. चूल बंद ठेव अन् आमच्या तंबूवर जेवायला ये. स्वयंपाक ह्ये करणारेत."

एवढं बोलून त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि त्यांनी तंबूची चेन आतून ओढून घेतली.

कडुबाची मंडळी जेवायला बसली. आप्पासाहेब बराच वेळ ट्रेलरच्या किचनपाशी उभे होते. त्यांनी एक शेगडी पेटवून पाहिली, विझवली, पुन्हा पेटवली. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ते सोनियाजवळ गेले.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "भाकरीच्या पिठाला पाणी गार घेतात का कोमट?"

"उकळतं," तंबूतून आवाज आला.